रावजीचं पोट आणि सावर्ड्याचं कॉलेज

बुधवार, ४ जुलै २००१.
सकाळपासून झड. सलिल सकाळच्या गाडीने मुंबईस परत गेला. जाण्यापूर्वी सदूच्या शाळेत जाऊन वेदिकेने केलेले गणपती पाहिले व फार वाखाणले. मुंबईच्या जाहिरातकलेच्या कॉलेजात तिची जागा होऊ शकेल, मात्र उद्या रात्रीपर्यंत त्याला फोन गेला पाहिजे. संध्याकाळी सदू विचारण्यास आला. वेदिका सावर्ड्याचे चित्र-शिल्पकलेचे कॉलेज एकदा बघायचेच म्हणून अडून बसली आहे. उद्या तिला घेऊन जाऊन येणार. कपडे वाळत नाहीत, शेगडीवर दोरी बांधली.

हे लिहून उमाताई आठल्यांनी डायरी मिटली. सावर्ड्याला जायचं ते फक्त पोरीची समजूत काढायला, हे त्यांनी डायरीत लिहिलं नव्हतं. पण मनात तेच होतं. सलिल त्यांच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. मुंबईत जाहिरातीच्या कंपनीत चांगल्या हुद्द्यावर होता. तो म्हणाला होता, "मावशी, ही मुलगी म्हणजे सोनं आहे सोनं! आमच्या आईकडे पार्ल्याला राहील, कॉलेज करील, पुढचं मी बघतो." यापेक्षा आणखी काय पाहिजे माणसाला?

सदू म्हणजे सदाशिव शिवलकर. रत्नागिरीत झाडगावात आठल्यांच्या नारळी-पोफळीच्या आगराच्या कडेला जो मांगर, म्हणजे सामानसुमान ठेवायची खोप आहे, तिथे त्याची गणपतीची शाळा. त्याच्या वडिलांनी ती उमाताईंच्या सासऱ्यांच्या काळात थाटली. आठल्यांचा गणपती तेवढा दरवर्षी शिवलकरांनी द्यायचा, एवढाच करार, आणि तोही तोंडी. गणपती घडवायच्या जागेला आमच्याकडे कारखाना म्हणत नाहीत, शाळाच म्हणतात. घराघरातून पाट येतात, ज्याच्या पाटावर त्याचा गणपती बसतो, आणि चतुर्थीच्या सकाळी लोक छत्र्या सावरत येऊन आपापला देव घेऊन जातात. उरलेलं वर्ष सदू घरं रंगवायचा, दुकानांच्या पाट्या लिहायचा, आणि कोणी विचारलंच तर सांगायचा, "आमची शाळा पावसाळ्यात भरते."

वेदिका ह्याच शाळेत वाढली. तिचा जन्म आषाढातला, म्हणजे ऐन कामाच्या दिवसांतला. तिची आई गोदा बाळंतपणातून उठली तशी माती मळायला बसली, आणि पोरीची झोळी मांगराच्या आढ्याला टांगली. खाली गणपतींच्या रांगा आणि वर ही. रडायला लागली की सदू मातीच्या हाताने झोका द्यायचा. झोळीला मातीच्या बोटांची नक्षी उमटली होती ती पुढे कधी गेलीच नाही.

शाळेतल्या पोरांना आधी उंदीर करायला देतात. उंदीर बिघडला तर देव रागावत नाही, असं सदूचं म्हणणं. वेदिकेचे उंदीर मात्र बिघडेनात. एका वर्षी तिने वरच्या आळीतल्या वकिलांच्या गणपतीचा उंदीर आंब्याच्या कोयीवर दात रोवून बसलेला केला. विसर्जनाच्या दिवशी वकिलांच्या मुलांनी असा गळा काढला, की देव पाण्यात गेला आणि उंदीर घरी परत आला. वकीलसाहेब स्वतः सांगायला आले, "सदू, पुढच्या वर्षी उंदीर जरा साधा करायला सांग रे. नाहीतर आमच्याकडे उंदरांचं वारूळ व्हायचं."

मग उंदरावरून मोदकावर, मोदकावरून सोंडेवर अशी ती चढत गेली. ती नववीत असताना ऐन श्रावणात सदूचे डोळे आले. ज्याने सगळ्या गावाच्या गणपतींचे डोळे आखायचे त्याचेच डोळे आले, यावर झाडगावात आठवडाभर विनोद चालले. सदू काळा चष्मा लावून मांगराच्या दारात बसला आणि म्हणाला, "बाय, आता तूच." डोळ्यांची आखणी हे शाळेतलं सगळ्यात अवघड काम. बाकी कुठे चुकलं तर रंगाने झाकतं, डोळा चुकला तर देव तिरळा. वेदिकेने श्वास रोखून एकेक डोळा उघडला. त्या वर्षी लोक गणपती न्यायला आले, आणि पाटासमोर बसूनच राहिले. एक म्हातारा म्हणाला, "ह्यो बघतो हाय हो माझ्याकडं!" तेव्हापासून आखणी वेदिकेची.

उमाताईंकडे ती इंग्रजी शिकायला यायची. चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा झाल्या, बारावी झाली, आणि पुढे काय, हा प्रश्न सदूने नेहमीप्रमाणे उमाताईंच्या ओटीवर आणून ठेवला. "काकी, तुम्ही म्हणाल ती पूर्व." उमाताईंची पूर्व मुंबईकडे होती. गावातली हुशार मुलं मुंबईला जातात, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं.

गुरुवारी सकाळी चिपळूण गाडीत खिडकीची ताडपत्री खाली ओढून दोघी बसल्या. हातखंबा गेलं तेव्हा उमाताईंनी विषयाला हात घातला.

"वेदिका, एक लक्षात ठेव. आपल्याकडचा चांगला आंबा पेटीत भरून मुंबईला जातो. घरात राहतो तो डागी."

"पण आजी, पेटीत भरतात तो कच्चा असतो."

"म्हणून काय झालं? वाटेत पिकतो."

"नाहीतर सडतो."

"तुला सगळ्याला उत्तर देता येतं. इंग्रजीच्या पेपरात का नाही दिलीस इतकी?"

वेदिका हसून ताडपत्रीच्या फटीतून बाहेर बघायला लागली. मग हळूच म्हणाली, "मी नाही म्हणत नाही, आजी. नुसतं बघते म्हणते. सलिलकाकांच्या कॉलेजातलं पुस्तक मी बघितलं, गुळगुळीत कागदाचं. त्यात सगळे हसतायत. शिकतोय कोणच नाही."

सावर्ड्याला उतरल्यावर बाजारातून चालत कॉलेजात पोचेपर्यंत दोघींच्या साड्या-सलवारी गुडघ्यापर्यंत चिखलाने माखल्या. उमाताईंना पहिल्यांदा दिसला तो एक उघड्यावर भिजत उभा असलेला पुतळा, नुसता धडाचा, डोकं नसलेला. त्यांना ते काही शुभ वाटलं नाही. पुढे लांबच लांब पत्र्याची शेड. पत्र्यावर पाऊस, आत छिन्नीचे ठोके, आणि सगळीकडे ओल्या मातीचा वास. वेदिका दारातच थांबली. तिने नाकाने श्वास घेतला आणि तिचा चेहरा असा खुलला, जसं काही कोणी ओळखीचं भेटलं.

"आजी, आपल्या मांगरासारखा वास येतोय."

"वासावर कॉलेज ठरवत नाहीत," उमाताई म्हणाल्या.

शिल्पकलेचे इंगवले सर आत बाकावर बसून चहा पीत होते. पन्नाशीचे, दाढी वाढलेली, कोपरापर्यंत हात मातीचे. मूळ कोल्हापूरकडचे, हे त्यांच्या पहिल्या वाक्यालाच कळलं; सावर्ड्याला येऊन त्यांना वर्षच झालं होतं.

"या की! बसा. काय नाव म्हणायचं पोरी तुझं?"

"वेदिका सदाशिव शिवलकर."

"बरं. याआधी मातीत काम केलंयस? कुठं शिकलीस?"

"गणपतीच्या शाळेत," वेदिका म्हणाली.

"गणपतीपुळ्याला हायस्कूल आहे होय?"

"नाही सर, गणपतीच्या."

"तेच म्हणतोय मी. गणपतीपुळ्याच्या. देवळाजवळच असंल. तिथं चित्रकलेला मास्तर कोण?"

"मास्तर नाही. बाबा आहेत."

"वडील मास्तर आहेत होय! मग बरंच की. इयत्ता किती?"

वेदिकेने उमाताईंकडे पाहिलं. उमाताईंना हसू दाबताना खोकला आला. "सर, गणपतीपुळ्याची नव्हे हो. जिथे गणपती तयार करतात त्याला आमच्याकडे गणपतीची शाळा म्हणतात. हिच्या वडिलांची आहे. ही तिथेच जन्मली म्हटलं तरी चालेल."

इंगवले सरांनी चहाचा कप खाली ठेवला आणि मांडीवर थाप मारली. "म्हणजे वर्षभर इथली पोरं मला सांगत होती आम्ही शाळेत काम केलंय, शाळेत काम केलंय, आणि मी समजत होतो बिचारी पोरं हायस्कुलात झाडलोट करून शिकली! बगा! सांगायचं नाही का कुणीतरी!"

मग त्यांनी एक मातीचा गोळा फळीवर ठेवला आणि हाक मारली. "रावजी! बस जरा स्टुलावर."

रावजी म्हणजे कॉलेजचा शिपाई. सडपातळ म्हणजे किती, तर सदऱ्यातून फासळ्या मोजाव्यात. लांबट तोंड, बसके गाल, कान डोक्याला चिकटलेले. उजव्या हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन, हात गुडघ्यावर ठेवून तो बसला. त्याला हे काम सवयीचं दिसलं. बसल्या बसल्या त्याने डोळे मिटले.

"हा रावजी कर," सर म्हणाले. "वेळ लागला तरी चालेल." आणि ते दुसऱ्या मुलांकडे निघून गेले.

वेदिकेने ओढणी कमरेला खोचली. तिचे हात मातीला लागले आणि उमाताई निश्चिंत झाल्या. हे हात त्यांनी अनेक पावसाळे पाहिलेले होते. कुठे थांबणं नाही, कुठे पुसणं नाही. पाठ झालेलं स्तोत्र म्हणावं तसे हात चालले होते. उमाताईंनी मध्यंतरी एका मुलीला गाठून चौकशी केली. वसतिगृह आहे का? आहे. जेवण कसं? "आजी, आमटी पातळ असते," ती मुलगी म्हणाली, "पण शनिवारी घरी जाता येतं." शिल्पकलेला मुली किती? मुलीने सांगितलं की ती एकटीच. उमाताईंनी ही गोष्ट मनात मुंबईच्या बाजूला टाकली.

परत आल्या तर वेदिकेचा रावजी तयार होता आणि भोवती मुलं जमली होती. सगळ्यांनी हसू आवरायला ओठ आत ओढून धरले होते. उमाताईंनी चष्मा वर केला. रावजीने एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि तो स्टुलावरून उतरून फळीपाशी आला.

मातीच्या रावजीला छान गोलगरगरीत पोट आलं होतं. त्याचे कान सुपासारखे पसरले होते. आणि किल्ल्यांचा जुडगा गुडघ्यावर तसाच ठेवून त्याचा उजवा हात छातीशी वर झाला होता. पंजा समोर, बोटं जुळलेली, सगळ्या जगाला अभय.

"सर," रावजी गंभीरपणे म्हणाला, "सकाळपासून माझ्या पोटात एक चहा गेलाय. हे पोट कोणाचं?"

शेडमध्ये जो हशा उसळला त्याने पत्र्यावरचा पाऊसही ऐकू येईना.

"आशीर्वाद बघा कसा देतोय!" एक पोरगा ओरडला.

"आता पुढ्यात नारळ ठेवा," रावजी म्हणाला. "आणि अकराव्या दिवशी मला वाशिष्ठीत सोडा."

वेदिकेने दोन्ही मातीचे हात तोंडावर घेतले. ती कानापर्यंत लाल झाली होती. उमाताईंना वाटलं, आता ही रडणार, आणि आपण हिला उगाच इथे आणलं. पण बोटांच्या फटीतून बघितलं तर ती हसत होती. आवाज न करता, खांदे हलवत.

इंगवले सर हसले नाहीत. फळीभोवती एक फेरी मारून ते तिच्यासमोर वाकले.

"रावजीकडं किती वेळा बघितलंस तू?"

"एकदा. ते बसले तेव्हा."

"आणि?"

"आणि आता." मग स्वतःच म्हणाली, "हात आपला आपणच वर गेला, सर. मला कळलंच नाही."

"कसं कळेल? तुझा हात फार हुशार झालाय. एवढा हुशार, की डोळ्याला विचारतच नाही. त्याला एकच माणूस पाठ आहे, आणि तो माणूस नाही, देव आहे." त्यांनी मातीच्या पोटावर टिचकी मारली. "पोट झकास केलंयस बरं का. गणपतीचं म्हणून बघितलं तर खोट काढायला जागा नाही. पण रावजीचं नाही. आता हे मोड. गोळा तोच घे. सगळा रावजी नको, गुडघा कर, आणि गुडघ्यावरचा हात. प्रत्येक बोटाला आधी वर बघायचं, मग खाली."

तिने ते मोडलं. दोन्ही तळव्यांनी पोट आत दाबलं तेव्हा रावजी "आईगं!" म्हणाला आणि पुन्हा हशा झाला. मग मुलं पांगली.

ह्या खेपेला वेदिकेचे हात अडखळत होते. एक बोट करायचं आणि वर बघायचं. मग ते पुसायचं, पुन्हा बघायचं. तिच्या वरच्या ओठावर घाम आला. तिला असं चाचपडताना उमाताईंनी कधी पाहिलं नव्हतं. चार ओळींच्या कवितेवर अडलेलं पोर बघावं, तसं त्यांना वाटलं. त्यांनी सरांना बाजूला घेतलं.

"सर, स्पष्ट विचारते. इथून शिकून पुढे काय?"

"स्पष्टच सांगतो, काकू. मुंबईत नोकरी लवकर मिळते. जाहिरातीत पैसा आहे. इथून बाहेर पडलेला पोरगा पुतळे करतो, नाहीतर शाळेत शिक्षक होतो, नाहीतर काही दिवस घरी बसतो. मी खोटं बोलणार नाही."

"मग आम्ही मुलीला इथे का घालायची?"

"ते मला विचारू नका. तिला विचारा." त्यांनी फळीकडे हनुवटी केली. "आपलं काय चुकतं, त्याचा तिला पत्ता लागलाय."

चिपळूण-रत्नागिरी गाडीची वेळ होत आली तेव्हा फळीवर एक गुडघा होता आणि त्यावर एक हात. हाताची सगळी बोटं पुरी झाली नव्हती. अंगठा तर नुसताच गोळा होता. पण किल्ल्यांच्या ओझ्याने मनगट जरा कललेलं, आणि गुडघ्याची वाटी एका बाजूला सरकलेली.

रावजी बराच वेळ वाकून बघत होता. मग त्याने आपल्या गुडघ्यावर हात ठेवला. "हा माझाच हो," तो म्हणाला. "पावसात दुखतो तोच."

परतीच्या गाडीत मागच्या बाकावर जागा मिळाली. आरवलीला कोणी उतरलं, कोणी चढलं. उमाताईंनी पिशवीतून डबा काढला, दोघींनी दडपे पोहे खाल्ले. मग उमाताई म्हणाल्या, "सांग आता. सलिलला मी काय सांगू? कारण नीट हवं. वास आवडला म्हणून, असं मी सांगणार नाही."

वेदिकेने नखातली माती काढत विचार केला. ती बोलायला लागली तेव्हा तिचं बोलणं आधी अडखळत आलं, नंतर थांबेना.

"आजी, सलिलकाकांनी माझे सगळे गणपती बघितले. सुंदर म्हणाले, अप्रतिम म्हणाले. असंच करत राहा म्हणाले. गावातले पण तेच म्हणतात. बाबा पण. मी नववीत होते तेव्हापासून मला कोणी चूकच दाखवली नाही. मला वाटायला लागलं होतं, आता शिकायचं काही राहिलंच नाही, नुसतं मोठं कॉलेज तेवढं राहिलंय. आणि इथे सरांनी पहिल्या तासात…" तिला पुन्हा हसू फुटलं. "आजी, रावजीला पोट आलं हो! मी त्याच्यासमोर बसून, त्याच्याकडे तोंड करून, त्याला पोट केलं!"

"केलंस खरं," उमाताई म्हणाल्या, आणि इतका वेळ धरून ठेवलेलं हसू त्यांच्याही हातून सुटलं. दोघी अशा हसल्या की कंडक्टरने मागे वळून पाहिलं.

डोळे पुसून वेदिका म्हणाली, "मुंबईत मला शाबासकी मिळेल. नोकरी पण मिळेल. पण तिथे गेले तर मी आयुष्यभर सुंदर गणपतीच करीन, साबणाच्या जाहिरातीत सुद्धा. मला तो गुडघा करता यायला हवा. तो ज्याला दिसतो त्या माणसाकडे मला शिकायचंय. आणि शनिवारी दुपारची गाडी धरली की रात्रीपर्यंत मी घरी. रविवारी आखणी. शाळा पण सुटणार नाही."

उमाताईंनी डब्याचं झाकण लावलं. त्यांच्या लहानपणी शाळेत एक नन होती, ती चांगल्या निबंधावर नुसती रेघ मारायची आणि वाईट निबंधावर पानभर लिहायची. त्यांना सगळ्यात जास्त तिचीच आठवण यायची.

"हे कारण नीट आहे," त्या म्हणाल्या. "हे मी सांगेन."

सलिलला सांगणं सोपं होतं. सदूला सांगणं अवघड गेलं. संध्याकाळी मांगरात शिरताच वेदिकेने घडलं ते सगळं सांगून टाकलं. रावजीचं पोट, सुपाएवढे कान, आणि हाताला एकच माणूस पाठ आहे हेही. गोदा तांदूळ निवडता निवडता पदर तोंडाला लावून हसत होती. सदू मात्र हसला नाही. त्याने हातातली कोरणी खाली ठेवली.

"म्हंजे काकी, आमच्या हातात खोट हाय म्हणा की."

"तसं नाही रे सदू."

"तसंच की! हिचा हात माझा हात. माझा हात माझ्या बापाचा. गाव डोक्यावर घेऊन जातं आमचं काम. आणि काल आलेला घाटावरचा मास्तर सांगतो पोट चुकलं? मुंबईचे साहेब तरी बरे, त्यांनी मान दिला. नाय जायचं सावर्ड्याला. करा फोन मुंबईला."

वेदिकेचा चेहरा उतरला. तिने उमाताईंकडे पाहिलं. उमाताई काही बोलणार, एवढ्यात ती वडिलांसमोर जाऊन बसली.

"बाबा, एक करा. आईला करा."

"काय करू?"

"मातीत. आई समोरच बसलीय. गणपती नको, आईच. मग मी तुम्ही म्हणाल तिथे जाईन."

"ह्यात काय मोठंसं हाय?" सदू म्हणाला. "लग्नाला वीस वर्षं झाली. डोळे मिटून करीन."

"मिटू नका," वेदिका म्हणाली.

सदूने मातीचा गोळा ओढला. गोदा लाजून पाठ फिरवायला लागली तर त्याने दटावलं, "बस गो गप, हल्लीस तर तुझंच नाक जाईल." त्याचे हात चालायला लागले, आणि उमाताईंनी ओळखलं, की सकाळी शेडमध्ये चालले होते ते हेच हात. तीच थाप, तोच अंगठ्याचा फिरवा. बघता बघता मांडी घालून बसलेली, पुढ्यात सूप घेतलेली बाई उभी राहिली. सदूने हात झटकले आणि ऐटीत मागे सरला.

गोदा उठून आली. तिने एका बाजूने बघितलं, मग दुसऱ्या बाजूने. मग ती सावकाश म्हणाली, "हे कान कोणाचे?"

सदूने पाहिलं.

"माझे कान असे? सुपासारखे? आणि हे पोट? मी दिवसभर तुमच्या मातीत उपाशी राबते, आणि मला हे पोट? काकी, तुम्हीच सांगा, सोंड तेवढी विसरलेत हे!"

वेदिका जमिनीवर आडवी पडून हसत होती. उमाताईंनी मांगराच्या खांबाला धरलं. सदू मातीच्या बायकोकडे बघत होता, मग खऱ्या बायकोकडे, मग पुन्हा मातीच्या. एका बोटाने त्याने मातीचा कान थोडा आत दाबला. बसेना. मग त्याच्या मिशा थरथरायला लागल्या, आणि तो असा खदखदून हसला की बाजूच्या कच्च्या गणपतीच्या सोंडेवरचं ओलं फडकं खाली पडलं.

"बापसाच्यान!" तो म्हणाला. "हा माझ्या बापाचा कान हाय. त्यानं मला दिला, मी हिला दिला. आम्ही कोणी कोणाकडं बघितलंच नाय की!" मग त्याने वेदिकेच्या डोक्यावर मातीचा हात ठेवला. "जा बाय सावर्ड्याला. त्या मास्तराकडून माणसाचे कान शिकून ये. आणि आल्यावर मला शिकव, नायतर तुझी आई मला जेवाय घालायची नाय."

"आजपासूनच नाही घालत," गोदा म्हणाली. पण तिने ते सूप घेतलेलं मातीचं बाहुलं उचललं आणि वर फळीवर, गणपतींच्या रांगेत नीट ठेवलं. सदू ते मोडायला गेला तर म्हणाली, "राहू दे. कोणी विचारलं तर सांगा, गौर लवकर आली."

घरी येऊन उमाताईंनी मुंबईला फोन लावला. सलिलला आधी खरं वाटेना.

"मावशी, सावर्डे? अगं मुंबई सोडून सावर्डे? कारण काय?"

"तिथे त्यांनी तिची चूक काढली," उमाताई म्हणाल्या.

"आणि म्हणून ती तिथे जाणार?"

"हो."

मग सलिल हळूच म्हणाला, "माझी कोणी काढली नाही गं अशी. बरं, चतुर्थीला येतोय मी. तिला सांग, मला करून दाखव म्हणावं. माझं पोट खरंच सुटलंय, तिला सोपं जाईल."

फोन ठेवून उमाताईंनी पाय धुतले, देवापाशी दिवा लावला आणि डायरी उघडली.

गुरुवार, ५ जुलै २००१.
वेदिकेस घेऊन सावर्ड्यास जाऊन आले. कॉलेज चांगले आहे, आमटी पातळ असते असे कळले. तिचे तिथेच ठरले, सदू व गोदा दोघांची संमती. सलिलला फोन केला. पाऊस दिवसभर होता, दुपारी थोडी उघडीप. येताना छत्रीची एक काडी मोडली. काल भिजत घातलेले वाल उपसून फडक्यात बांधून ठेवले. मोड अजून आले नाहीत.